नभोवाणीचा संमिश्र दिवस

कोणत्याहि संस्थेचा इतिहास तिचे ठराव, तिचे अधिकारी आणि तिच्या इमारती यांत शोधावयाची आपली रीत आहे. नभोवाणीपुरतें बोलावयाचें तर तिचा खरा इतिहास मला एका निराळ्याच कागदावर लिहिलेला दिसतो. तो कागद म्हणजे तिची रोजची कार्यक्रमपत्रिका. सकाळीं सनई, मग भजन, त्यामागून बातम्या. दुपारीं स्त्रियांसाठीं गप्पागोष्टी. सायंकाळीं खेडुतांसाठीं बाजारभाव. रात्रीं एखाद्या प्राध्यापकाचें भाषण, आणि त्याच्या पाठीस पाठ लावून एखाद्या नामांकित गवयाचा दरबारी. वरवर पाहतां हा नुसता गोपाळकाला वाटतो. परंतु या काल्यांत काय घालावें, काय वगळावें, आणि कोणाच्या शेजारीं कोणाला बसवावें, यावर आपल्या देशांत वर्षानुवर्षें कडाक्याचे वाद झालेले आहेत. त्या वादांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

आरंभीं हा संमिश्रपणा कोणीं तत्त्व म्हणून पत्करलेला नव्हता. तो गरजेंतून आला. १९२३ सालीं मुंबईच्या व कलकत्त्याच्या हौशी रेडिओ-क्लबांनीं ध्वनिक्षेपणाचे पहिले प्रयोग केले. पुढें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी निघाली, आणि २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें तिच्या मुंबई केंद्राचें उद्‌घाटन झालें. त्याच वर्षीं २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झालें. दोन्हीं ठिकाणचीं यंत्रें अवघ्या दीड किलोवॅट शक्तीचीं. शहर आणि भोवतालचा थोडासा मुलूख यांपलीकडे त्यांचा आवाज नीट पोंचत नसे. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये. १९२७ च्या अखेरीस साऱ्या देशांत परवाने होते साडेतीन हजारांच्या घरांत, आणि १९२९ च्या अखेरीसहि त्यांनीं आठ हजारांचा आंकडा गांठला नव्हता. एवढ्या मिळकतीवर कंपनी चालणार कशी? १ मार्च १९३० रोजीं तिचा कारभार आटोपला, आणि एप्रिलपासून सरकारनें तो आपल्या हातीं घेतला.

परंतु त्या तीन वर्षांत एक गोष्ट कायमची ठरून गेली. केंद्र एक, लहर एक, आणि ऐकणारे मात्र नाना तऱ्हेचे! मलबार टेकडीवरचा साहेब, काळबादेवीचा गुजराथी व्यापारी आणि गिरगांवांतला मराठी वकील या सर्वांना एकाच पंक्तीला बसवून वाढावयाचें होतें. मग वेळेची वांटणी झाली. थोडा वेळ इंग्रजी वाद्यवृंद, थोडा वेळ गुजराथी गरबा, थोडा वेळ मराठी नाट्यगीत. ज्याला आपला पदार्थ पानांत पडेपर्यंत थांबावयाचें असे, त्याला शेजाऱ्याचें जेवण पाहत बसणें भाग होतें. आणि पाहतां पाहतां कधीं कधीं त्यालाहि त्या पदार्थाची चव कळूं लागे. नभोवाणीचा सगळा गुण आणि तिच्यावरचे सगळे तंटे यांचें बीज या एका परिस्थितींत आहे.

या परिस्थितीला तत्त्वाचें रूप दिलें तें विलायतेहून आलेल्या लायोनेल फील्डन या गृहस्थांनीं. ते १९३५ सालीं लंडनच्या बी. बी. सी. मधून नभोवाणीचे पहिले नियंत्रक म्हणून हिंदुस्थानांत आले. बी. बी. सी.चे सूत्रधार जॉन रीथ यांची शिकवण अशी कीं, श्रोत्याला आज जें आवडतें त्यापेक्षां थोडें अधिक चांगलें त्याच्यापुढें ठेवावें. दिवसाचा कार्यक्रम मुद्दामच मिसळावा. म्हणजे विनोद ऐकावयास बसलेला मनुष्य एखादें उत्तम भाषणहि ऐकून उठेल. फील्डन यांच्याच कारकीर्दींत १ जानेवारी १९३६ रोजीं दिल्ली केंद्र सुरू झालें, आणि ८ जून १९३६ पासून या खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. ‘आकाशवाणी’ हें नांव तत्पूर्वींच, १९३५ मध्यें, म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं आपल्या घरगुती केंद्रामुळें प्रचारांत आणलें होतें. पुढें सरकारनेंहि तेंच उचललें.

आतां त्या दिवसाची सकाळ पाहूं. नभोवाणीचा दिवस अखंड नव्हता. त्याच्या तीन सभा असत: सकाळची, दुपारची आणि सायंकाळची. दोन सभांच्या मध्यें यंत्र मुकें होई. पहिली सभा उघडे ती तंबोऱ्याच्या सुरांवर तरळणाऱ्या व्हायोलिनच्या एका लहानशा धुनेनें. ही धून वॉल्टर कॉफमन यांची म्हणून प्रसिद्ध आहे. कॉफमन हे एक ज्यू संगीतज्ञ. हिटलरची छाया युरोपावर पडूं लागतांच १९३४ सालीं ते मुंबईस आले, आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते. निर्वासित होऊन आलेल्या एका परक्या मनुष्याच्या सुरांनीं कोट्यवधि हिंदी माणसांची सकाळ उगवावी, हें संमिश्रतेचें पहिलें आणि अतिशय गोड फळ म्हटलें पाहिजे.

त्या धुनेमागून सनई येई. सनई हें देवळाच्या नगारखान्याचें आणि लग्नमंडपाच्या दाराचें वाद्य. तिनें दाराबाहेर वाजावें, आंत येऊं नये, असा जुना शिरस्ता. १९३८ सालीं लखनौ केंद्र निघालें, आणि बिस्मिल्ला खां यांच्यासारख्या वादकाची सनई नभोवाणीवरून ऐकूं येऊं लागली. दाराबाहेरचें वाद्य अशा रीतीनें थेट माजघरांत आलें. शास्त्रोक्त गायनालाहि या सकाळीनें एक मोठा लाभ करून दिला. मैफल रात्रीं भरते; म्हणून गवई रात्रीचे राग गाई, आणि तोडी, आसावरी, सारंग, मुलतानी हे सकाळ-दुपारचे राग गुरूच्या तालमींत आणि शिष्याच्या रियाजांत पडून राहत. नभोवाणीला तिन्हीं सभांना गवई हवे होते. त्यामुळें भैरव पहाटेला आणि सारंग भर दुपारीं, आपापल्या नेमल्या वेळीं, सामान्य गृहस्थाच्या कानावर पडूं लागला. ज्याला मैफलीचें आमंत्रण कधींच आलें नसतें, त्याला घरबसल्या रागांचें वेळापत्रक कळलें.

याची किंमतहि गवयाला द्यावी लागली. रात्रभर विस्तारणारा राग पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासांत आटोपावयाचा. समोर मान डोलावणारा एकहि रसिक नाहीं. आहे तो भिंतीवरचा कांटा आणि दारावरचा तांबडा दिवा. कित्येकांना तें जमलें नाहीं. ज्यांना जमलें, त्यांच्या गायनाला एक नवी शिस्त आली. रागाचें स्वरूप पहिल्या चार आलापांत उभें करण्याची कला बऱ्याच अंशीं या कांट्यानें शिकविली, असें मला वाटतें.

पण येथेंच पहिला तंटा उभा राहिला, आणि तो पेटीवरून. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचें काम पाहणारे जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानें १९३८ सालीं हार्मोनियमविरुद्ध सडकून लिहिलें. पेटीचे स्वर ठोकून बसविलेले. तिच्यांत मींड नाहीं, श्रुति नाहींत. तिच्या साथीनें गळा बिघडतो, असा त्याचा आक्षेप. रवींद्रनाथ ठाकूर यांचेंहि मत पेटीला प्रतिकूल होतें. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला मज्जाव झाला, आणि तो शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. आक्षेपांत शास्त्रीय तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु महाराष्ट्रापुरतें पाहिलें, तर ज्या प्रांताचें नाट्यसंगीत पायपेटीच्या सुरांवर वाढलें, आणि ज्यानें गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीचा कलावंत निर्माण केला, त्या प्रांताच्या रोजच्या गाण्यांतून त्याची पेटी तीस वर्षें गाळली गेली. शुद्धतेसाठीं केलेल्या वगळणुकींत कोणाचें तरी सर्वस्व वगळलें जातें, याचें हें पहिलें उदाहरण.

दुसरें उदाहरण अधिक दुःखाचें आहे, आणि तें दुपारच्या सभेशीं निगडित आहे. दुपारची वेळ घरांतल्या बायकांची. पुरुष कचेरींत, मुलें शाळेंत. जेवणखाण आटोपून घटकाभर टेकलेल्या गृहिणीशीं या वेळीं बाहेरचें जग प्रथमच थेट बोलूं लागलें. मुंबईचें ‘वनितामंडळ’ ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांना हें नातें सांगावयास नको. पण नभोवाणीनें स्त्रीला केवळ श्रोता केलें नाहीं. तिच्या आरंभींच्या दिवसांत संगीताचा केवढा तरी भार स्त्रियांच्याच गळ्यावर होता. त्यांतील पुष्कळजणी परंपरेनें गाण्याचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यांतल्या होत्या. त्यांची तालीम पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि ठुमरी-दादऱ्यासारखे प्रकार त्यांनींच जतन केलेले. सभ्य म्हणविणारा गृहस्थ त्यांच्या दारीं उजळ माथ्यानें जात नसे, आणि त्याची पत्नी तर त्यांचें गाणें कधींच ऐकूं शकली नसती. नभोवाणीनें हा पडदा दूर केला. आवाज तेवढा घरांत आला. मागचें घर कोणीं पाहिलें नाहीं.

तथापि ही स्थिति टिकली नाहीं. १९४६ च्या सप्टेंबरांत हंगामी सरकार आलें, आणि माहिती व नभोवाणी हें खातें सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे आलें. त्यांच्या कारकीर्दींत, ज्यांचें खासगी जीवन लोकापवादाचा विषय झालेलें आहे अशा व्यक्तींना नभोवाणीवर गाऊं देऊं नये, असा दंडक घालण्यांत आला. हेतु समजण्यासारखा होता. कुलीन घरांतल्या मुलींनीं निःशंकपणें केंद्राची पायरी चढावी, असें वातावरण हवें होतें; आणि तशा मुली पुढें आल्याहि. पुरुष गवयांप्रमाणें बैठक मारून, तिकिटें लावून जाहीर जलसे करण्याची वाट हिराबाई बडोदेकर यांनीं आपल्याकडे आधींच मोकळी केली होती. परंतु ज्यांनीं कला सांभाळली त्यांना दाराबाहेर ठेवून कला तेवढी आंत घ्यावयाची, यांत अन्याय होता. आणि कुंपण एकाच बाजूला नव्हतें. अख्तरीबाई फैजाबादी यांनीं १९४५ सालीं एका बॅरिस्टरशीं विवाह केला, आणि घरंदाज संसारांत गाणें बसत नाहीं म्हणून त्यांचें गाणेंच थांबलें. त्या आजारी पडल्या. आणि १९४९ सालीं लखनौ केंद्रावरून पुन्हां गाऊं लागल्या. त्यांनाच आपण बेगम अख्तर म्हणून ओळखतों. एकीला संसार नाहीं म्हणून गातां येत नाहीं, दुसरीला संसार आहे म्हणून! ज्या दिवसपत्रिकेनें प्रथम सर्वांना एका पंक्तीला बसविलें, तिनेंच पुढें पंक्तिप्रपंच आरंभिला.

आतां संध्याकाळकडे वळूं. संध्याकाळ ही बातम्यांची आणि भाषणांची. नभोवाणीवरील भाषणाचा एक नियम प्रारंभापासून कडक होता: जें बोलावयाचें तें आधीं लिहून द्यावयाचें, तें तपासलें जावयाचें, आणि लिहिलें तेवढेंच वाचावयाचें. या नियमानें मराठी गद्याचें भलेंहि केलें. व्यासपीठावरचा वक्ता हजारांशीं बोलतो. माइकपुढचा वक्ता एका घरांतल्या तिघां-चौघांशीं बोलतो. त्याला आरोळी चालत नाहीं, पाल्हाळ चालत नाहीं. अशीं भाषणें पुढें मासिकांत छापलीं जात, आणि छापल्यावरहि त्यांतला घरगुती सूर कायम राही.

परंतु याच नियमाची दुसरी बाजू अशी कीं, देशाच्या मनांत जें खदखदत होतें, तें या संमिश्र दिवसांत येऊंच शकत नव्हतें. सर्व कांहीं होतें. फक्त राजकारण नव्हतें. १९३९ सालीं युद्ध पेटल्यावर बातम्यांच्या भाषा वाढल्या, दिल्लीहून मराठी बातम्याहि येऊं लागल्या. पण बातमी सरकारला रुचेल तीच. म्हणून १९४२ च्या चळवळींत लोकांनीं आपली निराळी नभोवाणी काढली. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांचा ‘काँग्रेस रेडिओ’ बोलूं लागला. यंत्र या घरांतून त्या घरांत हलवीत, पोलिसांना चुकवीत, चिमूर-आष्टीसारख्या दडपलेल्या बातम्या त्यांनीं लोकांपर्यंत पोंचविल्या. येथें एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. प्राणावर उदार होऊन चालविलेल्या त्या कार्यक्रमाचा आरंभहि गीतानें होई आणि शेवट ‘वंदे मातरम्‌’नें. घटकाभराच्या चोरट्या नभोवाणीलाहि केवळ भाषणावर राहवलें नाहीं. तिलाहि गाणें लागलें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं यंत्र पकडलें, आणि उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

बरोबर पांच वर्षांनीं, १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं, दिवाळीच्या दिवशीं, महात्मा गांधी दिल्लीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्यें गेले. कुरुक्षेत्राच्या छावणींत लाखों निर्वासित उघड्यावर पडले होते. त्यांना भेटावयास जाणें त्या दिवशीं शक्य नव्हतें, म्हणून गांधीजी नभोवाणीवरून त्यांच्याशीं बोलले. या यंत्राविषयीं त्यांना पूर्वीं ओढ नव्हती. पण त्या दिवशीं त्यांना त्यांत परमेश्वरी शक्तीचा प्रत्यय आला. तेथें जाऊन बोलण्याचा त्यांचा हा पहिला आणि अखेरचा प्रसंग. ज्या तारखेला लोकांची चोरटी वाणी सरकारनें बंद पाडली, त्याच तारखेला लोकांचा पुढारी सरकारच्या वाणीवरून दुःखितांचें सांत्वन करीत होता. दोन तारखांचा हा योगायोग असेल. पण नभोवाणी कोणाची, या प्रश्नाचें उत्तर त्या पांच वर्षांत बदललें, हा योगायोग नव्हे. त्याच सुमारास तिची फाळणीहि झाली होती. अखंड हिंदुस्थानच्या नऊ केंद्रांपैकीं लाहोर, पेशावर आणि ढाका हीं तीन १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीं पाकिस्तानचीं झालीं, आणि सहा आपल्याकडे राहिलीं. पुढें अवघ्या अडीच महिन्यांत, ३० जानेवारी १९४८ च्या रात्रीं, गांधीजींच्या वधाची वार्ता सांगावयास पंडित नेहरू माइकपुढें आले. तें भाषण लिहिलेलें नव्हतें. जेथें प्रत्येक शब्द आधीं लिहून द्यावा लागे, तेथील सर्वांत स्मरणीय भाषण न लिहितां झालें.

राहतां राहिली रात्र. रात्रीच्या इतिहासांतील मुख्य पात्र एक मराठी गृहस्थ आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून १९६२ पर्यंत या खात्याचे मंत्री होते. स्वतः शास्त्रोक्त संगीत शिकलेले. आणि संस्थानांचा आश्रय तुटल्यानंतर या कलेला आसरा देणें हें नभोवाणीचेंच काम आहे, अशी त्यांची दृढ समजूत. २० जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढें शनिवारची रात्र त्याच्यासाठीं ठरून गेली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्व केंद्रांवर एकाच वेळीं एकच गवई! उत्तरेच्या घरांत कर्नाटकी कीर्तनम्‌ आणि दक्षिणेच्या घरांत ख्याल नेऊन पोंचविण्याचें श्रेय केसकरांना निःसंशय दिलें पाहिजे.

परंतु त्यांनींच सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली. चित्रपटाचें नांव निवेदनांत घेऊं नये असें ठरलें, निर्मात्यांशीं बिनसलें, आणि तीं गाणीं लहरींवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. श्रोत्यांनीं काय केलें? त्यांनीं सभा घेतल्या नाहींत, अर्ज केले नाहींत. त्यांनीं कांटा फिरविला. महायुद्धांत दोस्तांच्या सैन्यासाठीं सिलोनांत उभारलेलें शक्तिमान यंत्र रेडिओ सिलोनच्या हातीं आलेलेंच होतें. १९५२ च्या डिसेंबरांत त्यावर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि दर बुधवारीं रात्रीं आपलीं घरें कोलंबोला जोडलीं गेलीं. पांच वर्षांनीं, ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं, सरकारला ‘विविध भारती’ काढावी लागली. करमणुकीला स्वतंत्र लहर मिळाली. आणि त्याच दिवशीं जुन्या संमिश्र दिवसाची पंक्ति उठण्यास प्रारंभ झाला. ज्याला गाणीं हवीं त्याला भाषण ऐकण्याचें कारण उरलें नाहीं; ज्याला ख्याल हवा त्याला लावणी टाळतां येऊं लागली.

मग सक्तीवांचून मिश्रण साधणारच नाहीं काय? याचें उत्तर पुण्यानें दिलेलें आहे. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुणें केंद्र निघालें, आणि १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, त्यावर ‘गीतरामायणा’चा प्रारंभ झाला. केंद्राचे सीताकांत लाड यांची प्रेरणा, ग. दि. माडगूळकरांची रचना, सुधीर फडके यांच्या चाली. वर्षभर आठवड्याला एक नवें गीत, एकूण ५६ गीतें. त्यांत राग होते, पण तें ख्यालगायन नव्हतें. रचणारे आणि चाल लावणारे चित्रपटसृष्टींतले होते, पण तें सिनेसंगीत नव्हतें. कथा पुराणांतली होती, पण तें कीर्तन नव्हतें. भिन्नभिन्न अभिरुचीचीं माणसें सिलोनकडे न वळतां रेडिओभोवतीं गोळा झालीं. मुंबई केंद्रावरील ‘पुन्हां प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांनींहि आपल्या परीनें हेंच केलें, घरगुती संवादांतून त्यांनीं शहाणपणाच्या गोष्टी हंसतहंसत सांगितल्या. वगळून जें साधलें नाहीं, तें जोडून साधलें.

आज प्रत्येकाच्या हातांत स्वतःची नभोवाणी आहे. ज्याला जें हवें तें, हवें तेव्हां, हवें तितकें ऐकावयास मिळतें. दोन सभांमधली ती शांतताहि आतां राहिलेली नाहीं. एका लहरीची सक्ति गेली याचें मला दुःख नाहीं. तिच्यामुळें पेटीवाल्याचा, गाणारणीचा आणि बंडखोराचा आवाज कोणा एकाच्या मर्जीनें बंद होऊं शकत होता, हें आपण पाहिलें. परंतु भाजी चिरतां चिरतां नकळत कानावर पडलेली मुलतानी, किंवा बातम्यांची वाट पाहतां पाहतां ऐकलेलें एखाद्या अनोळखी विषयावरचें भाषण, यांतून जें शिक्षण झालें तें कोणीं मागितलेलें नव्हतें. मागितलें नव्हतें म्हणूनच तें मिळालें. आकाशवाणीच्या कांहीं केंद्रांवर असा मिसळलेला दिवस अजूनहि ऐकूं येतो. आठवड्यांतून एखादी संध्याकाळ तरी कांटा एका जागीं ठेवून, पुढें काय लागणार आहे हें न विचारतां, आपण घरांतल्या सर्वांनीं मिळून ती ऐकावी, एवढीच माझी सूचना आहे.